चौथी ओळ

तेब्रोला जाऊन नऊ महिने झाले.
जूनमध्ये आबानोची खिंड उघडली, तसे आम्ही वर जमलो,
तिच्या अंगणात, काळ्या पाटीच्या दगडांवर घोंगड्या टाकून.
जवाची बियर रिवाजाप्रमाणे पुरुषांनीच गाळलेली,
आणि मेंढीच्या कातड्यात मुरलेलं चीज,
ज्याच्या वासानं त्बिलिसीची बाई रुमाल शोधत होती.
बाईकडे वही होती, टेप होता, आणि पहिलाच प्रश्न:
त्यांचं शिक्षण किती?

लागाझानं शिंग उचललं. आजचा तामादा तोच.
म्हणाला, शिक्षण? तीनशे मेंढ्या तिला नावानिशी पाठ.

हे खोटं आहे. तिला मोजता यायचं नाही.
एकदा सप्टेंबरात रात्रभर कंदील घेऊन फिरली,
गुडघ्यापर्यंत चिखल, कुत्रंसुद्धा कंटाळून घरी आलेलं,
आणि पहाटे मेंढीऐवजी हे घेऊन परतली:

    मेंढ्या मोजल्या तीनशे
    एक कमीच भरली
    जिने मोजल्या तिलाच
    मोजायची की राहिली

सगळे हसले. शेते हसला नाही.
शेते तिचा मुलगा. त्याच्या लग्नावर तिनं एक रचलं होतं,
ते खालच्या तीन गावांत अजून गातात,
आणि त्याची बायको अजून त्याच्याशी नीट बोलत नाही.
पण पांडुरी त्यानंच लावली, तारा पिळत, मान खाली घालून,
आणि देवाच्या दगडाचं गाणं धरलं.
वरच्या टेकाडावर तो दगड आहे, शिंगं रचलेला.
बायकांनी तिथं जायचं नाही, फार जुनी रीत.
तेब्रो चौऱ्याऐंशी वर्षं खालूनच बघत राहिली:

    तुझ्या दगडापाशी ना
    येऊ देत मला, देवा
    तूच ये ना चुलीपाशी
    घे घडीभर विसावा

कुणी शिंग उचललं नाही.
शोरेना भांडी विसळायची थांबली.
लागाझानं टोपी काढली, परत घातली,
मग घसा खाकरून माझ्याकडं वळला:
आता तू, गिगोला. तुझ्याच ट्रकमधून ती शेवटची उतरली.

मला गाता येत नाही. मी ट्रक चालवतो.
अठ्ठावीस वर्षं तिला जूनमध्ये वर आणलं, ऑक्टोबरात खाली नेलं.
भाडं चिजात द्यायची, तेही मागचं.
प्रत्येक वळणावर ओकायची, आणि ओकून झाल्यावर
क्लच कसा दाबावा हे मला शिकवायची.
एकदा मी सीटखाली डुकराच्या मांसाचा डबा ठेवला होता.
आमच्या डोंगरावर ते चालत नाही.
तिला वास आला. ती उतरली आणि पायी निघाली,
गारांमध्ये, सत्तरीची बाई.
डबा दरीत फेकला तेव्हा कुठं बसली.

एवढं सांगून मी थांबलो. बाईनं टेप पुढं सरकवला.
मग म्हटलं, गेल्या ऑक्टोबरात बर्फ लागायच्या आधी
शेवटच्या वळणावर तिनं मागं पाहिलं आणि बोलली:

    खाली नेतोस, ने बाबा
    हाडं चार नि गाठोडं
    डोळे राहतील वर

आणि? बाई म्हणाली.
आणि ब्रेक किंचाळले, मी म्हणालो. चौथी ऐकू आली नाही.

मग जे भांडण पेटलं ते मेंढी कापून, खाऊन झाली तरी विझेना.
लागाझा म्हणे, त्यांना लागतं ना घोडं, अशीच असणार.
शाळामास्तर म्हणे, छे, बर्फ जपेल ते थोडं.
शेतेची धाकटी ओरडली, मला चीज हवं थोडं!
तिला उचलून कुणीतरी खांद्यावर घेतलं,
आणि तिचीच ओळ घोळक्यानं दहादा गायली,
बियर सांडत, शेतेसुद्धा.
बाईनं वहीत तिन्ही लिहून घेतल्या, पुढं प्रश्नचिन्हं.

ब्रेक किंचाळले नव्हते. ब्रेक मी आदल्याच आठवड्यात बदललेले.
चौथी ओळ मला स्वच्छ ऐकू आली होती.
तिच्यात माझं नाक आहे, माझं गाडी चालवणं आहे,
आणि यमक असं चपखल की एकदा सुटलं
तर खालच्या तीन गावांत माझी नातवंडंही तेच गातील.

उद्या बाईला खाली न्यायचंय. रस्ता साडेचार तासांचा.
बघू.